आधी उड्डाण, मग पिसं

दहिवडीहून म्हसवडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कुठलीही सकाळ घ्या. विजेच्या तारेवर, बाभळीच्या शेंड्यावर नाहीतर शाळूच्या रानाच्या बांधावर एखादा शिकारी पक्षी दिसल्यावाचून राहत नाही. गाडी थांबते, कॅमेरा बाहेर येतो, दहा-वीस फोटो निघतात. घरी येऊन पुस्तक उघडलं की अडचण सुरू होते, कारण पुस्तकातल्या चार चित्रांशी तो फोटो थोडाथोडा जुळतो आणि पुरता कुठल्याच चित्राशी जुळत नाही. बहुतेक जण शेवटी ‘घार’ किंवा ‘ससाणा’ असं लिहून मोकळे होतात.

हे टाळता येतं. शिकारी पक्षी रंगावरून ओळखायला गेलं की फसायला होतं, कारण त्यांचा रंग वय, नर-मादी आणि ऊन यांप्रमाणे बदलतो. मधुबाजासारख्या पक्ष्यात तर एकाच जातीत गडद तपकिरीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा सापडतात. उडण्याची पद्धत मात्र सहसा बदलत नाही. पंखांचा आकार, शेपटीची लांबी आणि शिकारीची रीत ही शरीराच्या बांधणीतून येते. म्हणून ओळखीचा क्रम असा ठेवावा: आधी उड्डाण, मग जागा आणि महिना, सगळ्यात शेवटी रंग. फोटोही याच क्रमाने काढावा. तारेवर बसलेल्या पक्ष्याचे पन्नास फोटो जे सांगत नाहीत, ते पंख पसरलेल्या एका फोटोत दिसतं.

हे शिकायला सातारा-सांगलीसारखी जागा शोधून सापडणार नाही. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. मध्ये कृष्णेचं खोरं, ऊस आणि गावं. कोयना आणि चांदोलीचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. खाली धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलेलं सागरेश्वर अभयारण्य, आणि त्यापलीकडे खटाव, माण, आटपाडी, जत असा माळांचा पट्टा. एका दिवसात गाडीने या तिन्ही प्रदेशांतून जाता येतं, आणि प्रत्येक ठिकाणचे शिकारी वेगळे.

सुरुवात माळापासून करू, कारण तिथे आडोसा नाही आणि पक्ष्याला लपता येत नाही. माळावर हवेत एकाच जागी थबकून खाली पाहणारे मुख्यतः तीन पक्षी आहेत: कापशी, खरुची आणि सापमार गरुड. हे तिघे नीट कळले की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

कापशी पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. आकाराने कावळ्यापेक्षा लहान. हवेत थबकताना ती पंख जरा वर धरून फडफडवते आणि पाय खाली सोडते. उंदीर दिसला की पंख वर उचलून, हवेत इंग्रजी व्ही अक्षर धरल्यासारखे ठेवून, टप्प्याटप्प्याने खाली उतरते. शेपूट आखूड आणि पांढरी. ती वर्षभर इथेच राहते, इथेच वीण करते. उंदीर, सरडे आणि नाकतोडे हे तिचं खाणं, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने तिच्याइतका उपयोगी पक्षी क्वचितच सापडेल. हरभऱ्यात घाटेअळीसाठी जे टी आकाराचे पक्षी थांबे रोवतात, ते मुख्यतः कोतवालासारख्यांसाठी असले तरी कापशीही त्यांवर येऊन बसते.

खरुची ही ससाण्याच्या कुळातली. पंख टोकदार, शेपूट लांब, आणि तिच्या टोकाला एक ठळक काळा पट्टा. थबकताना ती शेपूट पंख्यासारखी पसरते, तेव्हा हा पट्टा दुरूनही दिसतो. नराचं डोकं आणि शेपूट राखी, पाठ विटकरी. मादी सगळी तपकिरी, शेपटीवर आडव्या रेघा. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक खरुची हिवाळी पाहुण्या असतात. जुलैत दहिवडीच्या माळावर काही थबकताना दिसलं तर ती बहुधा कापशी समजावी. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल आणि नुसती काळी आकृती दिसत असेल, तर शेपूट पाहावी. आखूड असेल तर कापशी, लांब असेल तर खरुची.

तिसरा सापमार गरुड. एवढा मोठा पक्षी हवेत थांबू शकतो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही. पंखांचा पसारा पावणेदोन मीटरच्या आसपास. वारा चांगला असेल तर तो पंख न हलवता वाऱ्यावर टांगल्यासारखा राहतो, वारा पडला की जड पंख सावकाश मारत थबकतो. खालून बहुतांशी फिकट, त्यावर आडव्या पुसट रेघा, गळा-छाती बऱ्याचदा गडद. डोकं मोठं आणि डोळे पिवळे, त्यामुळे बसलेला असताना घुबडासारखा वाटतो. पाय उघडे, पिसांविना. विणीच्या काळात तो साप गिळून घरट्याकडे नेतो आणि चोचीतून शेपटाचं टोक लोंबत असतं. असा फोटो मिळाला तर वेगळी ओळख पटवावी लागत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू, कारण थबकणाऱ्या पक्ष्यांचा फोटो मुख्यतः वाऱ्यावर अवलंबून असतो. हवेत एका जागी राहायचं तर पक्ष्याला वाऱ्याकडे तोंड करावंच लागतं. म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे उभं राहिलं की पक्ष्याचं तोंड आपल्याकडे. त्यातच सूर्यही आपल्या पाठीशी असेल तर चेहरा, छाती आणि पंखांची खालची बाजू, सगळ्यावर प्रकाश. हिवाळ्यातल्या सकाळी आपल्या माळांवर वारा बऱ्याचदा पूर्वेकडून असतो आणि सूर्यही पूर्वेला. दुपारनंतर, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, घाटाकडून पश्चिमेचा वारा चढतो, आणि सूर्य तेव्हा पश्चिमेला कललेला असतो. म्हणजे सकाळी पक्ष्याच्या पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला थांबावं. निघण्याआधी गवताची पाती कुठे झुकली आहेत ते पाहायला क्षणही लागत नाही. महागड्या लेन्सने जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक या एका सवयीने पडतो असं माझं मत आहे.

खरुचीची आणखी एक गंमत कॅमेऱ्यासाठी कामाची आहे. थबकलेली असताना तिचं अंग आणि पंख हलत असतात, पण डोकं जागच्या जागी खिळलेलं असतं, कारण नजर जमिनीवरच्या एका ठिपक्यावर लावायची असते. म्हणून १/२५०० सेकंदाच्या वेगाने फोटो काढला तर पीस न् पीस गोठतं, पण १/५०० ला काढला तर डोकं स्पष्ट राहून पंख धूसर होतात आणि ती हवेत थांबली आहे हे फोटोतच दिसतं. ओळखीसाठी पहिला फोटो हवा, वागणं दाखवायला दुसरा. दोन्ही काढावेत.

लेन्स किती मोठी हवी, हा प्रश्न सगळे विचारतात, तेव्हा एकदा हिशेब मांडून पाहू. खरुचीच्या पंखांचा पसारा ७० सेंटिमीटर धरा. ती ३० मीटरवर आहे आणि लेन्स ५०० मिलिमीटरची आहे. सेन्सरवर तिची प्रतिमा साधारण १२ मिलिमीटर पडते. एपीएस-सी सेन्सरची रुंदी २३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पक्षी अर्धी चौकट भरतो. हाच पक्षी ६० मीटरवर गेला की चौकटीचा पाव भाग. ओळखीला तेवढाही पुरतो, भिंतीवर लावायला नाही. यातून एक गोष्ट कळते: अंतर निम्मं करणं हे लेन्स दुप्पट करण्याइतकंच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पण अंतर कमी करायचं ते पायी चालत जाऊन नव्हे. माळावर माणूस चालत आला की शिकारी पक्षी शंभर मीटरवरून उडतो. गाडीला तो त्या मानाने कमी बिचकतो. म्हणून गाडीतच राहावं, हळू पुढे सरकावं, पक्ष्याच्या रोखाने सरळ न जाता तिरकं जावं आणि थांबलं की इंजिन बंद करावं, कारण त्याच्या थरथरीने ५०० मिलिमीटरवर चित्र हलतं. खिडकीच्या काचेवर ज्वारी किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली की तिपाईची गरज पडत नाही. बसलेला पक्षी उडण्याआधी बऱ्याचदा अंग पुढे झुकवतो, कित्येकदा विष्ठा टाकतो आणि सहसा वाऱ्याच्या दिशेने झेप घेतो. ही खूण दिसली की बटणावर बोट ठेवून तयार राहावं.

सेटिंगमध्ये फार अडकू नये. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून जास्त वेग, छिद्र लेन्सचं सर्वांत मोठं किंवा एक पायरी कमी, आयएसओ आपोआप. फोकस सतत माग काढणारा, एकदाच अडकणारा नव्हे. नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा शोधणारी सोय असते, ती चालू ठेवावी. पण पक्षी गवताच्या पातळीवर आला की ती गोंधळते, तेव्हा मधला एकच फोकस-बिंदू बरा. फोटो रॉमध्येच काढावेत. खरी काळजी घ्यायची ती प्रकाशाच्या मोजमापाची. घारीसारखा गडद पक्षी उजळ आकाशापुढे असेल तर कॅमेरा आकाश पाहून फोटो अंधारा करतो आणि पक्षी काळा ठिपका होतो. तिथे एक ते दीड पायरी प्रकाश वाढवावा लागतो. कापशीचं नेमकं उलट आहे. तिचं पांढरं अंग उन्हात जळून सपाट होतं आणि एकही पीस उरत नाही, म्हणून गडद झाडीपुढे ती असेल तर अर्धी ते एक पायरी कमी करावी.

वेळेचं म्हणाल तर सूर्य उगवल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत, आणि पुन्हा चारनंतर. मधल्या काळात ऊन डोक्यावर येतं, पंखांची खालची बाजू काळी पडते, आणि तीच तर ओळखीसाठी पाहायची असते. शिवाय माळ तापला की जमिनीलगतची हवा थरथरते. त्या हवेतून १०० मीटरवरच्या पक्ष्याचा स्पष्ट फोटो जगातली कुठलीही लेन्स देत नाही. कॅमेरा बिघडला असं वाटून लोक दुरुस्तीला जातात, पण दोष हवेचा असतो.

थंडीत माळावर येणारे भोवत्ये हा या भागाचा खरा मान आहे. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून ते हजारो किलोमीटर उडून येतात आणि मार्चपर्यंत थांबतात. गवतावरून माणसाच्या उंचीने, पंख जरा वर उचललेले, दोन-चार वेळा पंख मारून तरंगत, डावीकडे-उजवीकडे झुकत जाणारा सडपातळ पक्षी दिसला की तो भोवत्या, यात शंका नको. घुबडासारखी त्यांच्या चेहऱ्याभोवती पिसांची तबकडी असते, त्यामुळे गवतातली खसफस त्यांना ऐकू येते. रात्री ते झाडावर न जाता जमिनीवर गवतात, बऱ्याचदा गटाने झोपतात. म्हणून संध्याकाळी माळावर गाडी घालून गवत तुडवणं टाळावं.

भोवत्यांतले नर ओळखायला अवघड नाहीत. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर राखी, पंखाच्या वरच्या बाजूला मधोमध एक काळी रेघ, पोटाच्या कडेला तांबूस फरकाटे. फिकट भोवत्याचा नर जवळजवळ पांढुरका, आणि त्याच्या पंखाच्या टोकाला काळं फक्त पाचरीसारखं. ही रेघ आणि ही पाचर दोन्ही पंख उघडे असतानाच दिसतात, म्हणून वळताना, पाठ आपल्याकडे झालेली असताना बटण दाबावं. माद्या आणि पिल्लं ही खरी परीक्षा. दोन्ही जातींच्या माद्या तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. फरक चेहऱ्यावर असतो: फिकट भोवत्याच्या मादीला कानाच्या गडद डागामागे फिकट कॉलर असते, माँटेग्यूच्या मादीला ती नसते किंवा अगदी अस्पष्ट असते. एवढं बारीक पाहायला चेहऱ्याचा जवळून, बाजूने घेतलेला फोटोच लागतो. तो नसेल तर नोंदीत ‘भोवत्या, मादी’ एवढंच लिहावं. खात्री नसताना जातीचं नाव लिहून नोंद भरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

दलदल भोवत्या याहून दांडगा. मायणी किंवा येरळवाडीच्या तलावाकाठी तो पाणवनस्पतींवरून फिरू लागला की बदकं आणि चांदव्या एकदम पाण्यावरून उठतात. मादी गडद तपकिरी, डोकं मलईच्या रंगाचं. इथे फोटो पक्ष्याचा काढण्याऐवजी उठलेल्या थव्यासकट काढावा. थोडी लहान लेन्स अशा वेळी जास्त काम करते.

गावाजवळचा शिकारी म्हणजे शिक्रा. खारी आणि बुलबुल एकाच वेळी ओरडू लागले की वर पाहावं. आखूड गोल पंख, लांब शेपूट, चार-पाच झपाट्याचे फटकारे आणि मग तरंगणं. नराचे डोळे लाल, मादीचे पिवळसर, आणि मादी नरापेक्षा मोठी. शिकारी पक्ष्यांत हे सर्रास आहे. पिल्लाच्या छातीवर आडव्या रेघांऐवजी थेंबासारखे उभे ठिपके असतात. पण शिक्रा म्हणून दिलेल्या फोटोंत बरेच फोटो पावशाचे निघतात. उन्हाळ्यात ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी रंगाने, उडण्याने, अगदी फांदीवर येऊन बसण्याच्या ढबीनेही शिक्र्याची नक्कल करतो. उड्डाणावर विसंबण्याचा नियम जिथे पुरा पडत नाही, तो हा एक पक्षी. तिथे चोच पाहावी. शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची जवळपास सरळ. पायांना नख्या आहेत का तेही पाहावं.

घार सगळ्यांना माहीत असते: शेपटीला मधोमध खाच. पण शेपूट पूर्ण पसरली की ही खाच सपाट होते. कृष्णाकाठी, हरिपूरच्या संगमाजवळ ब्राह्मणी घार दिसते. मोठी झालेली तांबूस आणि पांढऱ्या डोक्याची, तिच्यात चूक होत नाही. तिचं पिल्लू मात्र तपकिरी असतं आणि घारीत खपून जातं. शेपटीचं टोक गोल असेल तर ते ब्राह्मणी.

घाटाकडे, कोयना-चांदोलीच्या बाजूला, आधी कान उपयोगी पडतात. दहा-अकराच्या सुमारास ऊन तापून हवा वर चढू लागली की तुरेवाला सर्पगरुड शीळ घालत घिरट्या घेतो. पंखांखालून जाणारा रुंद पांढरा पट्टा उंचावरूनही दिसतो. माळावर टाळायची जी वेळ, तीच इथे कामाची, कारण उंचावर घिरट्या घेणाऱ्याला गरम हवाच लागते. मधुबाजाची मान लांब आणि डोकं लहान. रंग काहीही असो, हे डोकं विसरू नये. गडांच्या कड्यांवर शाहीन ससाणा राहतो. झेप घेतलेल्या बहिरी ससाण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो आणि शाहीन त्याचाच भाऊबंद. त्या झेपेचा फोटो घेण्याच्या मागे लागू नये. कड्यावरची त्याची ठरलेली बैठक शोधावी, पांढऱ्या विष्ठेच्या ओघळांवरून ती सापडते, आणि समोरच्या सोंडेवर दूर थांबावं.

ही सगळी खटपट कशासाठी, याचं उत्तर साताऱ्यातच मिळतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. तिथे मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचं प्रमाण नसलेल्या भागाच्या जवळपास चौथ्या हिश्श्यावर आलेलं आढळलं. त्यामुळे तिथल्या रंगीत गळ्याच्या सरड्यांची, म्हणजे २०१६ मध्ये याच पठारावरून जगाला माहीत झालेल्या ‘सरडा सुपर्बा’ची, संख्या वाढली, इतकंच नव्हे, त्यांची भीती कमी झाली आणि माणूस बराच जवळ आल्यावरच ते पळू लागले. पठारावर सरडे खाणाऱ्या पक्ष्यांत कापशी आणि तिसाही आहेत. तिसा हा पांढऱ्या बुबुळाचा, गळ्यावर गडद उभ्या रेघा असलेला, खांबावर नाहीतर खुरट्या झाडावर तासन्‌तास बसून राहणारा साधा दिसणारा पक्षी. फोटोग्राफर त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पण पठारावरचा समतोल राखणाऱ्यांत तो आहे, आणि तो किती होता, किती राहिला हे सांगायला जातीनिशी, तारखेनिशी केलेल्या नोंदी लागतात.

माळांच्या बाबतीत तर त्या आणखी निकडीच्या आहेत. टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी आटपाडी-खानापूरकडे पोहोचलं, द्राक्षं आणि डाळिंबं उभी राहिली. दुष्काळात पिढ्या काढलेल्या माणसाला ते पाणी मिळायलाच हवं होतं. पण पाणी जिथे पोहोचलेलं नाही, ते उरलेले माळही सरकारी कागदावर पडीक म्हणून वाटले जातात, तिथे चर खणून झाडं लावली जातात, आणि भोवत्यांना उतरायला जागा राहत नाही. गवताळ माळ ही या पक्ष्यांची जंगलाइतकीच खरी वस्ती आहे, हे लिहून, दाखवून, नोंदवून सांगायला हवं.

घरट्याबद्दल मात्र एकच सांगणं आहे: फोटो काढूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणंही येतं. म्हणजे मध्ये येणारी फांदी तोडणारा फोटोग्राफर कायद्याच्या नजरेत शिकारी ठरू शकतो. सापमार गरुड वर्षाला एकच अंडं घालतो. माणसाच्या वावराने मादी तासभर उठून राहिली तर उन्हाने किंवा कावळ्याने ते एक अंडं जातं आणि त्या जोडीचं वर्ष वाया जातं. उंदीर बांधून पक्ष्याला खाली उतरवणं, ध्वनिमुद्रित आवाज वाजवणं, घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकणं, हेही त्याच रांगेतलं.

घरी परतल्यावर सगळ्यात देखणा फोटो निवडण्याआधी प्रत्येक पक्ष्याचे तीन फोटो बाजूला काढावेत: पंखांची खालची बाजू, वरची बाजू, आणि चेहरा. सोबत तारीख, वेळ, गाव, वारा कुठून होता आणि पक्षी काय करत होता, एवढं लिहावं. ईबर्डवर नोंद करताना फोटो जोडता येतो आणि जात चुकली असेल तर जाणकार ते लक्षात आणून देतात. धूसर पण पंखाखालची खूण दाखवणारा फोटो तिथे चालतो, म्हणून असे फोटो पुसून टाकू नयेत.